सातपुड्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं तर पहिल्या वर्षी कोणते अभ्यासक्रम घ्यावेत?

अक्राणीकर (धडगाव)

राम राम मंडळी. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा-शहाद्याचा डोंगरपट्टा आणि पूर्वेला चोपडा, यावल, रावेरचे पाडे, एवढ्या भागासाठी स्वतंत्र विद्यापीठ, निदान मोठा उपपरिसर तरी हवा, हे आपण सगळेच बोलतो. काही ग्रामसभा मिळून लेखी सूचना द्यायच्या ठरल्या आहेत आणि मसुदा माझ्याकडे आहे. जागा, इमारत, निधी हे विषय इथे नकोत. फक्त अभ्यासक्रमांवर बोला.

कच्ची यादी अशी: बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., बी.सी.ए., नर्सिंग, बी.एस्सी. कृषी, बी.एड. आणि पर्यटन. मला तीन गोष्टी कळत नाहीत. आठही एकदम सुरू करणं झेपेल का? बारावी होऊन येणारी बरीच मुलं घरातली पहिली शिकणारी असतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सगळ्यात कमी होती. या मुलांसाठी आधी तयारीचं वर्ष ठेवावं का? आणि एक वर्ष शिकून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं म्हणतात, त्याचा गावात उपयोग काय?

जाणकारांनी नेमकं सांगावं.

---

तापीकाठ (जळगाव)

भाऊ, यादीला हात लावण्याआधी प्रत्येक नावापुढे एक रकाना काढा: परवानगी कोणाची? अर्धी यादी तिथेच गळते.

नर्सिंगची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे, वर नर्सिंग परिषदेची मान्यता लागते. साधं विद्यापीठ ती देऊ शकत नाही. बी.एस्सी. कृषी आपल्या भागात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. बी.एड.ला एनसीटीई, म्हणजे शिक्षक-शिक्षणाची राष्ट्रीय परिषद. बी.सी.ए. २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) कक्षेत गेलं आणि राज्यात त्याला प्रवेश परीक्षाही आली. डोंगरातल्या मुलाचा फॉर्म एका तारखेने हुकला की वर्ष गेलं. त्यापेक्षा बी.एस्सी. संगणकशास्त्र घ्या. विषय जवळपास तोच आणि विद्यापीठाच्या हातातला.

आता शिक्षकांचा हिशेब. राज्यात एका सत्राला २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) असतात. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रात्यक्षिकाचं किंवा क्षेत्रकार्याचं ३० तास. समजा २२ पैकी १४ थिअरी आणि ८ प्रात्यक्षिक. म्हणजे आठवड्याला १४ अधिक १६, एकूण ३० तास. तीन वर्षांचे तीन वर्ग धरले तर ९० तास. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात, म्हणजे एका पदवीला सहा माणसं. प्रात्यक्षिकाला २०-२० च्या दोन तुकड्या केल्या तर आणखी लागतील. आठ अभ्यासक्रमांना पन्नासच्या आसपास पूर्णवेळ शिक्षक धडगावला येऊन राहतील का, हे मसुद्यात स्वतःलाच विचारा. पदं रिकामी राहिली की तासिका तत्त्वावर (तासाच्या मानधनावर) माणसं घेतली जातात. ती नंदुरबार-शहाद्याहून येऊन-जाऊन करतात आणि पावसाळ्यात घाट बंद झाला की वर्ग बंद. त्यामुळे पहिल्या वर्षी तीन पदव्या पुरे.

अभ्यासक्रम मंजुरीचा रस्ता अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद असा आहे. नवीन महाविद्यालय किंवा नवा अभ्यासक्रम २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार बृहत आराखड्यात (कुठे कोणतं महाविद्यालय, कोणता अभ्यासक्रम हवा याच्या विद्यापीठाच्या योजनेत) बसावा लागतो, आणि आराखडा पाच वर्षांचा असतो. तुमची मागणी त्यात शिरली नाही तर नंतर कितीही निवेदनं दिली तरी फाइल हलत नाही. म्हणून मसुदा फक्त मंत्र्यांना देऊ नका. आराखड्याच्या हरकती-सूचनांच्या मुदतीत आपल्या भागाच्या सध्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडेही पोच घेऊन द्या.

---

पालची वाट (रावेर)

तयारीच्या वर्षाबद्दल. असा प्रयोग झालेली एक जागा पाहण्यासारखी आहे. ताजिकिस्तान, किर्गिझस्तान आणि कझाकस्तान या तीन देशांनी इस्माइली पंथाचे प्रमुख आगाखान यांच्यासोबत २००० साली करार करून डोंगरी लोकांसाठी युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल एशिया काढलं. राजधानीत न ठेवता परिसर मुद्दाम डोंगरातल्या छोट्या गावांत नेले. नारीनला २०१६ मध्ये पदवीचे वर्ग सुरू झाले, खोरोगला २०१७ मध्ये. तिसरी जागा टेकेली.

तिथून आपण दोन गोष्टी उचलाव्यात. एक, नारीनला सुरुवातीला दोनच मुख्य विषय होते, संगणकशास्त्र आणि संवाद-माध्यम. खोरोगलाही दोनच, भू-पर्यावरण विज्ञान आणि अर्थशास्त्र. इतकं मोठं पाठबळ असूनही आठ विषय उघडले नाहीत. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पदवीच्या दहा वर्षं आधी, २००६ पासून, त्यांनी व्यावसायिक आणि निरंतर शिक्षणाची शाळा चालवली. छोटे अभ्यासक्रम आधी आले, त्यातून गावाला विद्यापीठाची सवय झाली, मग पदवी आली.

तयारीचं वर्ष तिथे आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान पक्कं करून घेतात आणि मग पुढची चार वर्षं. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणू नका. आपल्या क्रेडिटच्या चौकटीत असं वर्ष मोजलं जात नाही आणि जे वर्ष मान्य अभ्यासक्रमात बसत नाही त्याला शिष्यवृत्ती व वसतिगृह मिळवणं कठीण. मुलगी असेल तर त्या जादा वर्षात लग्न ठरतं. त्याऐवजी प्रवेशानंतर सहा आठवड्यांचा सेतुवर्ग घ्या: रोज दोन तास मराठी वाचन-लेखन, दोन तास अंकगणित आणि प्रमाण-टक्केवारी, एक तास संगणक. मग पहिल्या दोन सत्रांत क्षमतावृद्धीचे जे भाषेचे क्रेडिट असतातच, त्यात हेच पुढे न्या. म्हणजे वर्ष वाढत नाही.

आणखी एक उदाहरण स्कॉटलंडचं. युनिव्हर्सिटी ऑफ द हायलंड्स अँड आयलंड्सला २०११ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ते एका जागी नाही, डोंगर-बेटांवरच्या जुन्या महाविद्यालयांची जोडणी करून केलेलं आहे. स्काय बेटावरचं त्यांचं महाविद्यालय गेलिक भाषेतून शिकवतं. सातपुड्याची लांबी बघता धडगाव, मोलगी, तोरणमाळ आणि पाल अशी जोडणी मला एका मोठ्या इमारतीपेक्षा बरी वाटते.

---

बोरद रोड (तळोदा)

तीन पदव्यांवर माझं मत: बी.ए. यादीतून वगळायचा विचार कोणी करू नये. तलाठी भरतीला, राज्यसेवेला 'कोणतीही पदवी' लागते. एका वर्षाच्या प्रमाणपत्राला किंवा दोन वर्षांच्या पदविकेला तिथे किंमत नाही. पोरं आणि आईबाप याच हिशेबाने प्रवेश घेतात आणि तो हिशेब चुकीचा नाही.

---

आमचूर (मोलगी)

बोरद रोड दादांचं बरोबर आहे, बी.ए. हवीच. पण तिच्या आत काय घालायचं ते आपल्या हातात आहे. मी दोन विषय सुचवते.

पहिला, वनहक्क आणि ग्रामसभा व्यवस्थापन. ४ क्रेडिटचा पेपर धरा: २ थिअरी म्हणजे ३० तास, २ क्षेत्रकार्य म्हणजे ६० तास, रोज सहा तास धरले तर दहा दिवस. प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्याच गावाचं काम करायचं.

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यात २०१२ ची दुरुस्ती. नमुना 'क' वैयक्तिक दाव्याचा, 'ख' सामूहिक हक्कांचा, 'ग' सामूहिक वनसंपत्तीचा. नेहमीची चूक ही की गाव 'ख' भरतं आणि 'ग' राहून जातो. मग मोह-चारोळी गोळा करायचा हक्क मिळतो, पण जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क, कलम ३(१)(झ) मधला, हातात येत नाही. दुसरी चूक ठरावाची. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश महिला. हजेरीवहीत सह्या-अंगठे कमी निघाले की दावा उपविभागीय समितीतून परत येतो. पुरावे किमान दोन प्रकारचे जोडायचे. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा धरता येणारा पुरावा आहे, पण कोणी लिहूनच घेत नाही. हा जबाब पावरी-भिली या इथल्या बोलींत ऐकून मराठीत लिहिणं हीच एक परीक्षा ठेवा.

सीमा मोजताना मोबाइलचं जीपीएस खोल नाल्यात आणि दाट झाडीत भरकटतं. वळणावर दोन मिनिटं थांबायचं, तीन वेळा नोंद घ्यायची आणि सरासरी काढायची. शेजारच्या गावाची दोन माणसं बरोबर असलीच पाहिजेत, नाहीतर दोन गावांचे नकाशे एकमेकांवर चढतात आणि दोन्ही दावे अडकतात. हे काम जानेवारी-फेब्रुवारीत करावं. पानगळ झालेली असते, समोरची डोंगराची धार दिसते.

हक्क मिळाल्यावर व्यवस्थापन आराखडा लागतो. झाडांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन आखून मोजणी, त्याच्यातच गवत-रोपांसाठी १ बाय १ मीटर. त्यातून कळतं की मोहाची मोठी झाडं आहेत पण रोपं नाहीत. कारण फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि रोपं जळतात. उपाय म्हणजे खाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरणं. चारोळीचंही तसंच, दुसरा आधी तोडेल या भीतीने कच्ची तोडली जाते. ग्रामसभेने तोडणीची तारीख ठरवली तर दाणा भरतो आणि भाव मिळतो.

दुसरा विषय बी.एस्सी.साठी: झरे आणि पाणलोट. डोंगरपाड्यांवर अजून झिऱ्याचं पाणी पितात. मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. बादली २५ सेकंदांत भरली तर मिनिटाला २४ लिटर, दिवसाला ३४,५६० लिटर. जलजीवन मिशनचं माणशी ५५ लिटरचं प्रमाण धरलं तर सव्वासहाशे माणसांना पुरावं. तरी पाडा तहानलेला का? कारण रात्रभराचं पाणी वाहून जातं, साठवायला टाकी नसते. ही मोजणी पंधरवड्याला एकदा, वर्षभर, त्याच जागी, त्याच बादलीने झाली पाहिजे. फक्त पावसाळ्यानंतर मोजलेला आकडा फसवा असतो. मे महिन्यातला आकडा खरा.

समपातळी चर आखायला ए-फ्रेम शिकवा. दोन मीटरच्या दोन काठ्या, मधे आडवी, वरून दगड लोंबकळता. आधी पाय अदलाबदल करून दोनदा खूण करायची, दोन खुणांच्या मधोमध दोरी आली की ती समपातळी. हे न करता नजरेने आखलेला चर एका टोकाला भरतो आणि तिथून फुटतो, मग खालच्या शेतात घळ पडते. शिकलेल्या मुलाला रोजगार हमीच्या आणि पाणलोटाच्या कामात गावातच काम मिळतं.

भगर आणि आमचूर प्रक्रियेचं सहा महिन्यांचं प्रमाणपत्र वेगळं ठेवा, बायकांना घर सोडावं लागू नये म्हणून गावातच. आमचूर काळा पडतो तो लोखंडी सुरीमुळे आणि खडकावर वाळवल्यामुळे. स्टीलचं पातं आणि जमिनीपासून उंच बांधलेली जाळी, एवढ्यावर फरक पडतो. भगरीचा कोंडा न काढता साठवलं की खवट होते, आणि जास्त घासलं की सत्त्व जातं. यंत्र लावायचं ते दाण्याचा ओलावा बघून, हे शिकवायला शेतकरीच बोलवावा.

---

सिकल तपासणी (नंदुरबार)

आरोग्यात नर्सिंग जमत नाही म्हणून हात झटकू नका. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठा प्रश्न आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, लक्ष्य २०४७. तपासणी होते, कार्ड मिळतं, पण समजावणारा माणूस पावरीत बोलणारा नसतो. विद्यापीठाने समुपदेशकाचं प्रमाणपत्र द्यावं. रक्त तपासायचं काम परवानाधारक तंत्रज्ञाचंच, त्यात पडू नये.

शिकवायचं ते नेमकं असावं. सोल्युबिलिटी ही पहिली सोपी चाचणी 'वाहक' (दोष अंगात आहे पण आजार नाही) आणि 'रुग्ण' वेगळे सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक ५० टक्के, निरोगी २५ टक्के. 'चारातलं एक' असं सांगितलं की लोक समजतात एक आजारी झालं, आता तिघं ठीक होतील. हा गैरसमज काढणं हे समुपदेशकाचं मुख्य काम.

---

चांदसैली घाट (तळोदा)

विषय कितीही चांगले ठरवा, वेळापत्रक सपाटीच्या भागासारखंच राहिलं तर वर्ग रिकामे राहतील. जून-जुलैत पेरणी. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला आणि गुजरातमध्ये कामाला जातात, पोरगा बरोबर जातो किंवा घर राखायला थांबतो. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार, मग काठी गावची होळी, त्या आठवड्यात अंतर्गत परीक्षा ठेवली की निम्मे गैरहजर. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं. यावर उपाय म्हणजे क्षेत्रकार्याचे आणि कार्यानुभवाचे क्रेडिट याच काळात गावात करायला लावणं. आमचूर ताईंनी सांगितलेली झऱ्याची नोंद मे महिन्यात करायची असेल तर ती सुट्टीतली हौस न ठेवता कार्यानुभव म्हणून क्रेडिटला लावा.

कागदपत्रांचा आठवडा प्रवेशाआधी गावात घ्या, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला सोबत घेऊन. तळोदा, नंदुरबार, धुळे, यावल अशी चार प्रकल्प कार्यालयं आहेत. अडतं ते इथे: दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, बँक खातं आधारला जोडलेलं नसतं किंवा व्यवहार नसल्याने बंद पडलेलं असतं, म्हणून महाडीबीटीची (राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरची) शिष्यवृत्ती परत जाते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच भरायला लावा, बारावीनंतर धावपळ करून मिळत नाही. मिळवलेली क्रेडिट जिथे जमा राहतात त्या क्रेडिट बँकेचं खातंही याच आठवड्यात उघडा. वर्ष सोडून गेलेल्या मुलाला परत यायचं तर त्याची क्रेडिट सात वर्षं तिथेच राहतात, हे आईबापांना सांगा.

परीक्षा केंद्र धडगाव आणि मोलगी दोन्हीकडे असावं. ते फक्त शहाद्याला ठेवलं तर पावसाळ्यातल्या पेपरला घाटात दरड पडली की मुलगा नापास.

---

अक्राणीकर (धडगाव)

मंडळी, मोठं काम सोपं केलंत. सुधारलेली यादी: बी.ए. (वनहक्क-ग्रामसभा हा विषय आत), बी.एस्सी. (झरे-पाणलोट आत), बी.एस्सी. संगणकशास्त्र. सोबत दोन प्रमाणपत्रं, वनोपज प्रक्रिया आणि सिकलसेल समुपदेशन. नर्सिंग, कृषी आणि बी.एड. यांची त्या-त्या परिषदेकडे वेगळी मागणी. पर्यटन सोडलं.

दोन शंका उरल्या. बी.ए. अर्धवट सोडून एका वर्षानंतर बाहेर पडायचं असेल तर प्रमाणपत्र आपोआप मिळतं का? आणि पावरी-भिली भाषेचं काय करू?

---

तापीकाठ (जळगाव)

आपोआप नाही. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण हवीत, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव. ही ४ क्रेडिट कुठे करायची ते ठरलेलं नसतं म्हणून बाहेर पडलेल्या मुलाच्या हातात काहीच येत नाही. तुम्ही वनोपज प्रक्रियेचं आणि समुपदेशनाचं काम असं आखा की प्रत्येकातून ४ क्रेडिटचा तुकडा स्वतंत्र घेता येईल. तोच या अटीला चालेल.

---

आमचूर (मोलगी)

भाषेसाठी वेगळी पदवी आत्ता मागू नका, शिकवणारे नाहीत. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटी ४ लाखांच्या वर आहेत, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत (मान्य भाषांच्या यादीत) भिली नाही, त्यामुळे पाठ्यपुस्तकांना आधार मिळत नाही. सुरुवात दोन जागांवरून करता येईल. भारतीय ज्ञानप्रणालीचे २ क्रेडिट सगळ्यांना असतात, त्यात गावातल्या वनस्पती, बियाणं आणि डोंगर-देवांची नावं पावरीत नोंदवायला लावा. दुसरी, बी.ए.च्या मुलांसाठी प्राथमिक शाळेतलं भाषासेतूचं काम: पहिलीच्या मुलांना लागणारे हजारभर शब्द, ध्वनिमुद्रणासह, देवनागरीत. लिहिण्याआधी तीन वेगळ्या पाड्यांवर तोच शब्द विचारायचा, कारण धडगावकडचा उच्चार आणि चोपड्याकडचा उच्चार एक नाही. दोन्ही नोंदवायचे, एकाला चूक ठरवायचं नाही. तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणून गावातली जाणती बाई बसवा आणि तिला मानधन द्या, तसा रकाना मसुद्यातच टाका.